नानांच्या डोक्यातला धातू

“डोक्यात, मानेत, डोळ्यांत कुठं काही धातू आहे का?” असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं आणि नानांनी “आहे” म्हणून सांगितलं. तिथून सगळा घोळ सुरू झाला.

प्रश्न हिंदीत होता आणि उत्तरही हिंदीतच होतं, म्हणजे आमच्या हिंदीत. “है ना. बहुत है.”

बाईंचं पेन थांबलं. “कहाँ? कोई ऑपरेशन हुआ था? एक्सिडेंट?”

“ऑपरेशन नहीं. नाक से गया. सोना है, चांदी है, तांबा है. लोहा भी रहेगा थोडा.”

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी काकींकडे, म्हणजे नानांच्या बायकोकडे, बघितलं. काकी जमिनीकडे बघत होत्या.

नाना आता नाहीत. मनाच्या ज्या दुखण्यासाठी आम्ही तिथं बसलो होतो त्यानं ते गेले नाहीत, पुढं काही वर्षांनी हृदय थकलं म्हणून गेले. हे आधीच सांगून टाकतो. पुढं काय होणार या धाकधुकीत मला स्वतःला बसवत नाही, मग दुसऱ्याला कशाला बसवू?

आम्ही विट्याकडचे गलाईवाले. आमच्या भागातल्या घरटी एखादा माणूस कुठल्या तरी लांबच्या शहरात सोनं गाळायला गेलेला असतो. नाना हैदराबादेत फार आधी आले. मी आठवीत शाळा सोडली, चार ठिकाणी चार कामं करून बघितली, कशातच टिकलो नाही, आणि लग्न झाल्यावर बायकोला गावी ठेवून त्यांच्याकडे कामाला आलो, त्यांच्याच घरी राहिलो. चारकमानीमागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक भट्टी, एक धुराडं आणि बसायला दोन पाट. सोनार लोक जुने मोडके दागिने, कानशीचा कीस, दुकानातली झाडलोटसुद्धा आणून द्यायचे. आम्ही ते मुशीत वितळवायचो, तेजाबात, म्हणजे ॲसिडात, टाकून तांबं-चांदी वेगळी करायचो आणि चोख सोन्याची लगड त्यांच्या हातात द्यायचो. जे वेगळं निघतं त्याला हीण म्हणतात. कीस मुशीत घालायच्या आधी त्यावरून लोहचुंबक फिरवायचं, म्हणजे कानशीचे लोखंडी कण चिकटून येतात. सोनं चिकटत नाही.

नानांच्या सदऱ्याच्या खिशात नालाच्या आकाराचं एक लोहचुंबक कायम असायचं, आणि तोंडात एक वाक्य. “हीण असणारच. किती हाय, एवढंच बघायचं.” हे ते सगळ्यालाच लावायचे. नवीन सरकारला, भावकीतल्या माणसाला, भाचीला सांगून आलेल्या स्थळाला. एकदा आंब्याच्या पेटीलाही लावलं होतं.

काकींना एकदा स्टीलची भांडी घ्यायची होती म्हणून आम्ही दिलसुखनगरला गेलो. दुकानदार म्हणाला, एकदम अस्सल स्टील आहे. नानांनी खिशातून लोहचुंबक काढलं आणि पातेल्याला लावलं. ते टक्कन चिकटलं. “ये अच्छा वाला नहीं,” नाना म्हणाले. शेजारी उभ्या असलेल्या बाईनं लगेच आपला डबा पुढं केला, “चाचा, ये भी देखो.” तिच्या मागून दुसरी आली. पाच मिनिटांत नाना स्टुलावर आणि भोवती बायकांचा घोळका. दुकानदार डोक्याला हात लावून म्हणाला, “अरे चाचा, दुकान बंद कराते क्या मेरी?” पण तोही धंद्यातला माणूस. पुढच्या दिवाळीला त्यानं चांगला माल भरला आणि नानांना मुद्दाम बोलावून स्टुलावर बसवलं. दिवसभर ओरडत होता, “चाचा से चेक करा के लेव!” नाना चहा पीत, प्रत्येक भांड्याला लोहचुंबक लावत बसले होते. मान अशी डुलवत होते, की जसं काही स्टीलचं खातं सरकारनं त्यांच्याकडेच दिलंय.

माझ्यासाठी त्यांनी काय केलं ते सांगायला गेलं तर फार बारीक वाटेल. मला आधीपासून घोर लागायची सवय. संध्याकाळी दुकान बंद करून निघालो की गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत मला वाटायचं, भट्टी नीट विझली नाही. परत जाऊन बघायचो. पुन्हा निघायचो, पुन्हा तेच वाटायचं. आधीच्या मालकांनी यावरून माझी टिंगल केली होती, एकानं तर कामावरूनच काढलं होतं. नाना पहिल्या दिवशी काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी थबकलो तसे म्हणाले, “चल, बघून येऊ.” आणि स्वतः माझ्याबरोबर परत आले, कुलूप उघडलं, राखेत सळई फिरवून दाखवली. पुढं कित्येक महिने ते असे माझ्यासंगं परत यायचे. कधी ‘किती वेळा रं’ म्हणाले नाहीत. हळूहळू माझं परत जाणं कमी झालं. कसं झालं ते मला अजून कळलेलं नाही.

असा माणूस एका उन्हाळ्यात विझत गेला.

काही घडलं नव्हतं, हेच कुणाला पटत नव्हतं. जो तो कारण शोधायचा. सोनार म्हणायचे, मोठ्या शोरूम आल्या, तिथं यंत्रात दागिना ठेवला की पडद्यावर कॅरेट उमटतं, आता चाचाला कोण विचारणार, म्हणून मनाला लागलं. गावाकडचे म्हणायचे, मुलगा बंगळूरला कॉम्प्युटरमध्ये गेला, भट्टीवर बसणार नाही म्हणाला, म्हणून. पण मुलाला शिकवलं नानांनीच, हट्टानं. आणि यंत्र आल्यावर ते स्वतः बघून आले होते. “झकास हाय की, धूर न्हाई काय न्हाई,” म्हणून खूश होऊन आले होते. काम बऱ्यापैकी चाललं होतं. तरी नाना जेवेनासे झाले. आंघोळीला उठायला दुपार व्हायची. जेवणाला चव नाही, वास नाही म्हणायचे. गिऱ्हाईक समोर बसलेलं असायचं आणि नाना हातातल्या मुशीकडे नुसते बघत राहायचे.

एक दिवस मला म्हणाले, “हणमंता, मला आता इथं नको वाटतं.”

मी म्हटलं, “गावाकडं जाऊन येऊ या की चार दिवस.”

“गावाकडं न्हाई रं,” ते म्हणाले.

दुकानात तेजाब असतं. मी घरी येऊन काकींना सगळं सांगितलं. त्यांनी नानांच्या सदऱ्यातून दुकानाच्या किल्ल्या काढल्या आणि माझ्या हातात ठेवल्या. त्या दिवसापासून नाना आपल्यात राहतात की नाही, एवढा एकच प्रश्न घरात होता, आणि तो कुणी तोंडानं उच्चारत नव्हतं.

काकींनी त्यांना मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. एका गोळीनं चक्कर यायची, दुसरीनं नुसती झोप. महिने गेले. कुणीतरी विजेच्या शॉकचं नाव काढलं आणि काकी घाबरून रडायला लागल्या. तेव्हा घरमालकीण मालतीबाई वरच्या मजल्यावरून खाली आल्या. बरकतपुऱ्यातलं ते घर त्यांच्या सासऱ्यांचं. निजामाच्या काळापासून हे लोक इथले, घरात सगळे वकील नाही तर मास्तर. बाई स्वतः शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांचं मराठी पुस्तकासारखं, पण मध्येच इथलं काहीतरी टपकायचं.

“शॉक नक्को वाटतो ना? मग हे दुसरं आहे,” त्या म्हणाल्या. “माझ्या एका विद्यार्थिनीनं दिलसुखनगरला दवाखाना घातलाय. बाहेरून यंत्र आणलंय. डोक्यावर लोहचुंबक ठेवतात म्हणे. बेशुद्ध करत नाहीत, काही नाही. खुर्चीत बसायचं, उठून घरी यायचं.”

“लोहचुंबक?” आतल्या खोलीतून नानांचा आवाज आला. कितीतरी दिवसांत त्यांनी आपणहून काढलेला तो पहिला शब्द होता.

“हौ, लोहचुंबक,” मालतीबाई म्हणाल्या.

आणि नानांच्या मनात ते पक्कं बसलं. इतकी वर्षं आपण धूर ओढला, तो गेला कुठं? डोक्यात. डोक्यात हीण साठलंय, म्हणून जड झालंय. हे लोक ते लोहचुंबकानं ओढून काढणार. एवढं साधं गणित! आम्हाला ते त्यांनी काही बोलून दाखवलं नाही. म्हणून त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी धातूचं विचारल्यावर त्यांनी इमानदारीनं सांगून टाकलं, आहे, बहुत है.

डोक्यात खरंच धातू असेल तर हा इलाज करता येत नाही म्हणे. बाईंनी खूप समजावलं, धुरानं असं डोक्यात साठत नाही. पण नाना ठाम. “आपने देखा है क्या अंदर?” असं त्यांनी विचारलं. शेवटी बाई म्हणाल्या, ठीक आहे, डोक्याचा फोटो काढू, तुमचीही खात्री होईल आणि माझीही.

फोटो आला. बाईंनी तो उजेडाच्या पेटीवर लावला. कवटी स्वच्छ. नाना खुर्चीतून उठून जवळ गेले. काचेला नाक लागेपर्यंत वाकून, दागिना बघावा तसं इकडून तिकडून बघितलं.

“कुछ भी नहीं?”

“कुछ नहीं. बिल्कुल साफ.” बाईंना वाटलं, खूश होतील.

 नाना घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडले. मी पाणी घेऊन गेलो तर म्हणाले, “हणमंता, हीण न्हाई, आणि तरीबी माल काळा पडलाय. म्हणजे काय?”

मी म्हटलं, “काय नाना?”

“म्हणजे सोनंच न्हवतं ते.”

मी तांब्या खाली ठेवला.  आठवीपर्यंत शिकलेला माणूस मी, आणि हिशोब तर त्यांचा बरोबर दिसत होता. आमच्या धंद्यात त्याला दुसरं उत्तरच नाही. आम्हाला आधार होता तो त्या हिणाचा. तोही गेला.

काकी दारात उभ्या होत्या. त्या कधी नानांवर आवाज चढवत नसत. त्या दिवशी मात्र चढवला. “सोनं न्हवतं तर न्हवतं! मी काय सोन्यासंगं संसार केला का? चार पोरं काय लगडीला झाली? माणूस हाय म्हणून केला. सकाळी रिक्षा येणार हाय. गपगुमान बसायचं.”

“चार न्हाई, तीन,” नाना भिंतीकडे बघतच म्हणाले.

“एक गेलं ते बी माझंच हाय,” काकी म्हणाल्या, आणि आत निघून गेल्या.

सकाळी नाना रिक्षात बसले खरे, पण डॉक्टरीणबाईंना नको म्हणून सांगायलाच चालले होते. माझ्याजवळ तसं बोलले. काढायला काही नाही तर लोहचुंबक कशाला फिरवायचं?

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, हे काही ओढून काढायचं यंत्र नाही. यातलं लोहचुंबक फार वेगानं चालू-बंद होतं, त्यामुळे मेंदूत अगदी बारीक वीज उठते. मेंदूचा पुढचा एक भाग तुमचा सुस्त पडलाय, त्याला हलकेच टिचक्या मारून जागं करायचं. सगळ्यांना गुण येतो असं नाही, पण पुष्कळांना येतो. मला हे निम्मं कळलं. नानांना किती कळलं कोण जाणे, ते नको म्हणत मान हलवत राहिले.

“नहीं तो नहीं,” बाई म्हणाल्या. “एक बार सिर्फ नाप लेते हैं. फिर चले जाओ.”

खिशातलं लोहचुंबक, कमरेची घरच्या कपाटाची किल्ली, सगळं माझ्याकडे आलं. कामाला असलेल्या स्वरूपा नावाच्या मुलीनं नानांच्या डोक्याला टोपी घातली, टेपनं मोजून खुणा केल्या, कानांत बोळे घातले. बाईंनी आठाच्या आकड्यासारखी एक काळी चकती डोक्याच्या डाव्या बाजूला धरली. टक्. काही नाही. जराशी सरकवली. टक्. आणि नानांचा उजवा अंगठा उडाला.

नाना अंगठ्याकडे बघत राहिले. “मी न्हाई हलवला,” ते मला मराठीत म्हणाले, जसं काही मी आळ घेतला होता.

टक्. पुन्हा उडाला.

“मी न्हाई हलवला रं!”

“अंकल, मशीन हलाई,” स्वरूपा म्हणाली. “आप बस बैठो जी.”

नानांनी हात उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला, परत खुर्चीच्या हातावर ठेवला. चकती ठेवली तिथं कातड्याला नुसती टिचकी लागत होती, आणि अंगठा हलत होता तो हातभर लांब. त्यांचा चेहरा तसाच पडलेला होता. पण ते म्हणाले, “और एक बार.”

तेवढ्यावर इलाज सुरू झाला. रविवार सोडून रोज. आवाज सोनाराच्या हातोडीसारखा, चार-दोन क्षण टकटकटक आणि मग नुसती शांतता, पुन्हा टकटक. पहिले काही दिवस डोकं दुखायचं, डावा डोळा मिचकायचा. गोळ्याही चालूच होत्या. नाना सगळं मुकाट सोसायचे, आणि संपलं की दरवेळी चकतीखाली बोट फिरवून बघायचे. अंगठ्यावर भरवसा बसला तरी जुनी शंका काही सुटली नव्हती.

“कायकू देखते जी रोज?” स्वरूपा विचारायची. “कुछ नहीं निकलता बोली ना मैं?”

“देखना अपना काम है बेटा.”

“निकला तो आधा मेरा, हां!”

डोक्याच्या इलाजाचं गावाकडे कळू नये म्हणून आम्ही सांगितलं होतं, मानेचा व्यायाम चालू आहे. फोनवर काकी रोज मानेची खबर सांगायच्या. मान आता बरी आहे. मान अजून जड आहे. मान जेवत नाही, असं एकदा चुकून बोलून गेल्या.

दोन आठवडे गेले, फरक नाही. तिसरा सुरू झाला. मला रोज वाटायचं, आपण या माणसाला उगाच छळतोय. मालतीबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, थांब. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थांबा. नाना म्हणाले, बंद करू. कुणाचं ऐकायचं मला कळत नव्हतं. दुकानाच्या किल्ल्या उशाखाली घेऊन झोपायचो, आणि सकाळी रिक्षा बोलवायचो.

असेच एकदा परत येताना मलकपेठच्या बाजारापाशी गर्दीत अडकलो. कांद्याच्या गाड्या उभ्या होत्या. नाना नेहमीसारखे कोपऱ्यात रेलून, डोळे मिटून. एकदम म्हणाले, “कांदं सडल्यालं हाईत कुणाचं तरी.”

काकी दचकून त्यांच्याकडे वळल्या.

“काय घाण वास यायलाय! हुंगून घेत न्हाईत का भरताना?” आणि नाकाला धोतराचा सोगा लावला.

काकी रडायला लागल्या. रिक्षावाला मागं वळून विचारायला लागला, “क्या हुआ अम्मा? क्या हुआ?”  सडक्या कांद्याच्या वासानं एक बाई रिक्षात हमसून हमसून रडतेय आणि म्हातारा तिच्यावर चिडलाय, “अगं, वास मला यायलाय, तू का रडतीस?” त्या रिक्षावाल्यानं आम्हाला काय समजलं असेल, देव जाणे.

पुढं सगळं एकदम सरळ झालं असं नाही. एक दिवस बरा, दोन दिवस परत तसेच. पण आंघोळ सकाळी व्हायला लागली. भाकरीला मीठ कमी आहे म्हणून कुरकूर सुरू झाली. इलाज संपायच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कसं वाटतंय? सगळे नानांच्या तोंडाकडे बघत होते. नाना म्हणाले, “समझ में नहीं आता. पर बैठा जाता है.” म्हणजे, बसवतं. स्वतःच्या संगतीत बसवतं, असं असावं. मी नंतर विचारलं तर म्हणाले, “मलाच कळलं असतं तर हिंदीत नीट सांगितलं नसतं का?”

गुण कशानं आला, हे मला आजही सांगता येत नाही. लोहचुंबकानं, गोळ्यांनी, स्वरूपाच्या बडबडीनं, की रोज सकाळी कुणीतरी उठवून बाहेर नेल्यानं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, सगळ्याचा मिळून येतो. नानांनी तेवढ्यावर भागवून घेतलं. मला भागवता येत नाही, मी अजून घोळत बसतो. काकींनी किल्ल्या माझ्याकडून परत मागून घेतल्या आणि नानांच्या खिशात टाकल्या, तेव्हा मात्र मला नीट झोप लागली.

नाना दीडेक वर्ष छान होते. मग आली ती सकाळ, त्यांच्या-माझ्या शेवटच्या भेटीची. माझ्या भावाचं लग्न होतं म्हणून मी त्याच दिवशी गावी निघालो होतो. लग्नानंतर मी दोन महिने गावीच अडकलो, आणि मी परत यायच्या आत इलाज संपवून नाना-काकी मिरजेला मुलीकडे राहायला गेले. पुढं फोनवर बोलणं व्हायचं, भेट राहूनच गेली.

त्या सकाळी मी भट्टी पेटवत होतो. नाना दुकानात आले, पाटावर बसले, चहा आला तो तसाच ठेवला. मी ओळखलं. पण मी काही विचारायच्या आधी त्यांनीच सांगितलं.

“हणमंता, ते परत आलंय.”

“कधीपासनं?”

“चार दिस झालं. तोंडाची चव गेलीया.” पाऊस आलाय, सोयरे आलेत, असं सांगावं तसं सांगितलं. “काकीला सांगितलंय मी. ती रिक्षात बसलीया. दिलसुखनगरला जातोय.”

“मी येतो नाना. गाडी संध्याकाळची आहे.”

“तू कशाला? तुला भावाचं लगीन हाय.” ते गुडघ्यावर हात देऊन उठले. चेहरा राखेसारखा होता. उठायला त्यांना किती जड जात होतं ते दिसत होतं, आणि तरी ते उठले होते.

मी गल्लीच्या तोंडापर्यंत मागं गेलो. रिक्षात काकी अवघडून बसल्या होत्या. नाना चढले. रिक्षावाल्यानं गाडी वळवली तोच आतून नानांचा आवाज आला, पडलेला, पण ऐकू येण्याइतका. ते त्याला सांगत होते की इकडून नको, पुलावर कोंडी असते, पलीकडून घे. तो म्हणत होता, अरे चाचा, उधर से लंबा पडता. नाना वाकून पुढं झाले, हात बाहेर काढला आणि त्याला रस्ता दाखवायला लागले.